वडिलोपार्जित : एका विशेषणाची किंमत किती एकर?

मोठी पोस्ट आहे, पण घरोघरी उपयोगी पडेल अशी आहे. सवडीने वाचा.

दिवाळीनंतर आत्याचा फोन आला. "अरे, कागद आलाय सहीला. काका म्हणतो नुसती औपचारिकता आहे. तू जुने कागद वाचतोस ना, जरा बघून सांग." मग व्हॉट्सॲपवर पाच पानांचे फोटो आले. हक्कसोडपत्र होतं. 'लिहून देणार' म्हणून आत्याचं नाव. 'लिहून घेणार' म्हणून काकांचं, आणि माझे वडील हयात नसल्यामुळे त्यांच्या खाली माझं.

म्हणजे आत्या जी जमीन सोडणार होती, तिचा अर्धा भाग माझ्याच नावावर येणार होता. आणि ती सल्लाही मलाच विचारत होती.

त्या पाच पानांत एक शब्द वारंवार येत होता: 'वडिलोपार्जित'. 'सदर वडिलोपार्जित मिळकत', 'वडिलोपार्जित हिस्सा', 'वडिलोपार्जित हक्क'. काकांचं म्हणणंही याच शब्दावर उभं होतं. "आक्काचं लग्न १९७८ सालचं. १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जितमध्ये काही नसतं. हा कागद आपला नीटनेटकेपणासाठी."

हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्याकडे कधी निरखून बघतच नाही. मी या निमित्ताने बघितलं. जे सापडलं ते इथे मांडतो.

शब्द काय म्हणतो?

वडील अधिक उपार्जित. उपार्जित म्हणजे मिळवलेलं, कमावलेलं. आज 'वडील' म्हटलं की बाप डोळ्यासमोर येतो, त्यामुळे शब्दाचा सरळ अर्थ होतो 'वडिलांनी कमावलेली'. आणि घोळ नेमका इथेच होतो. कारण वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत कायद्याच्या भाषेत वडिलोपार्जित नसते! ती वडिलांची स्वकष्टार्जित. वडिलोपार्जित म्हणजे जी वडिलांनीही कमावली नाही, त्यांच्याही आधीच्यांकडून चालत आली, ती.

जुन्या मराठीत हा घोळ नव्हता. 'वडील' म्हणजे घरातली थोरली, आधीची माणसं. आजही आपण वडील भाऊ, वडीलधारी मंडळी म्हणतोच की. मराठेशाहीच्या कागदांत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की माणूस सांगायचा, हे वतन वडिलांपासून चालत आलं आहे. तेव्हा त्याला बाप, आजा, पणजा सगळे अभिप्रेत असत. इनामाच्या सनदेत 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' हे शब्द असत. मागे आणि पुढे अशी दोन्हीकडे लांब पसरलेली रेघ होती ती. पुढे 'वडील' शब्दाचा अर्थ आक्रसत बापापर्यंत आला, कायद्यातला अर्थ मात्र होता तिथेच राहिला.

नऊशे वर्षांपूर्वीचा प्रश्न

याचं मूळ आहे याज्ञवल्क्यस्मृतीत. आजोबांनी मिळवलेली जमीन, ठरावीक उत्पन्नाचे हक्क आणि द्रव्य यांवर बाप आणि मुलगा यांचं स्वामित्व सारखंच, असा तिथला नियम. 'आजोबांनी' हा शब्द लक्षात ठेवा. 'बापाने' असं म्हटलेलं नाही.

या स्मृतीवर विज्ञानेश्वराने टीका लिहिली ती 'मिताक्षरा'. काळ साधारण इ. स. ११०० च्या आसपासचा, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीतला. राजधानी कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण. आपल्या लातूर-उमरग्याहून फार लांब नाही. विज्ञानेश्वराने वारशाचे दोन प्रकार केले. बाप, आजा, पणजा यांच्याकडून येणारी मिळकत म्हणजे 'अप्रतिबंध दाय'. हिच्यावर मुलाचा हक्क जन्मतःच. कुणी मरायची वाट बघायची गरज नाही. काका, भाऊ वगैरेंकडून येणारी ती 'सप्रतिबंध दाय'. तिचा मालक जिवंत आहे तोवर वाट अडलेली.

बंगालमध्ये जीमूतवाहनाने 'दायभागा'त वेगळीच भूमिका घेतली. मुलाला जन्मतः काही मिळत नाही, बाप गेल्यावरच हक्क येतो. त्यामुळे तिकडे बाप पूर्ण मालक.

१८१० साली कोलब्रुकने या दोन्ही ग्रंथांतल्या वारशाच्या भागाचं इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात छापलं, आणि कंपनीच्या कोर्टांना हिंदू कायदा इंग्रजीत वाचायला मिळाला. मुंबई इलाख्यात मिताक्षरेबरोबर नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'लाही मान होता. त्यामुळे इथे बायकांची स्थिती इतर इलाख्यांपेक्षा किंचित बरी. मुलीला वारसा मिळालाच तर तो पूर्ण मालकीने मिळे, आणि बाप-मुलांत वाटणी झाली तर आईलाही एक हिस्सा मिळे. हा आईचा हिस्सा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुलगी मात्र जन्मतः हक्क असलेल्यांच्या यादीत कुठेच नव्हती. 'अप्रतिबंध' हे विशेषण फक्त मुलग्यांसाठी होतं.

पगार कुणाचा?

इंग्रजी राजवटीत एक मजेशीर प्रश्न उभा राहिला. घरच्या पैशावर मुलगा शिकला, नोकरीला लागला. आता त्याचा पगार त्याचा स्वतःचा की अख्ख्या कुटुंबाचा? १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर एका आयसीएस अधिकाऱ्याच्या मिळकतीचं प्रकरण आलं. निकाल लागला की शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला, तेव्हा त्या शिक्षणाची कमाईही कुटुंबाची. शिकलेल्या वर्गात खळबळ उडाली. शेवटी बॅ. मुकुंदराव जयकरांनी विधेयक आणलं आणि १९३० मध्ये कायदा झाला: विद्येच्या जोरावर केलेली कमाई ज्याची त्याची, शिक्षणाचा खर्च कुणीही केलेला असो.

हे सांगायचं कारण, 'वडिलोपार्जित' आणि 'स्वकष्टार्जित' यांतली रेघ आकाशातून पडलेली नाही. ती माणसांनी आखली आणि गरज पडली तेव्हा सरकवली. शिकलेल्या मुलग्यांना अडचण झाली तेव्हा नऊ वर्षांत सरकली. मुलींसाठी किती वर्षं लागली, ते पुढे बघा.

१९३७, १९५१, १९५६

१९३७ मध्ये मुंबईच्या डॉ. देशमुखांच्या विधेयकातून विधवांना नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. मुलीला त्यातही काही नाही.

मग हिंदू कोड बिल. बाबासाहेबांच्या मसुद्याने दोन मोठ्या गोष्टी मांडल्या होत्या. मुलीला मुलाइतका वाटा, आणि मुलग्याचा जन्मतः हक्क ही कल्पनाच रद्द. म्हणजे 'वडिलोपार्जित' या विशेषणातलं विषच काढून टाकायचं. बिल रखडलं आणि १९५१ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल ठळक होतं.

पुढे १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला. त्याने मुलीला पहिल्या वर्गातली वारस केलं, मुलाच्या आणि आईच्या बरोबरीने. पण कलम ६ मध्ये मिताक्षरेची जुनी व्यवस्था जशीच्या तशी ठेवली. म्हणजे बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबर, आणि वडिलोपार्जितमध्ये जवळजवळ बाहेर.

'जवळजवळ' म्हणजे किती? याचं गणित आपल्या सांगलीच्या कोर्टातून सुरू झालेल्या एका खटल्यात आहे.

हिराबाईंचा खटला

गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ असतं. खंडाप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी वाटणीचा दावा लावला आणि म्हणाल्या, माझा हिस्सा चोवीसातले सात. खालच्या कोर्टाने दिला चोवीसातला एक. हायकोर्टाने सात मान्य केले. मुलगा सुप्रीम कोर्टात गेला. १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला: हिराबाई म्हणतात ते बरोबर.

कसं ते बघा. समजायला सोपं जावं म्हणून २४ एकर जमीन धरू.

कायदा म्हणतो, बाप मरायच्या क्षणाआधी वाटणी झाली असती तर कुणाला काय मिळालं असतं, ते आधी मनात ठरवा. बाप, आई आणि दोन मुलगे, प्रत्येकी ६ एकर. (हाच तो आईचा हिस्सा.) मुलींना इथे शून्य. मग बापाचे ६ एकर सगळ्या वारसांत वाटा: आई, दोन मुलगे, तीन मुली, प्रत्येकी १ एकर.

शेवटी काय झालं? आईला ७, मुलग्यांना ७-७, आणि मुलींना १-१ एकर.

आता हीच जमीन बापाने स्वतःच्या पैशाने घेतलेली असती तर? सहा वारस, प्रत्येकी ४ एकर. विषय संपला.

म्हणजे जमीन तीच, बाप तोच, मुली त्याच. फक्त जमिनीच्या मागे 'वडिलोपार्जित' हे विशेषण लागलं की एकेका मुलीचे ३ एकर गेले. व्याकरणाच्या पुस्तकात विशेषण नामाचा गुण दाखवतं. सातबाऱ्यात ते एकर दाखवतं.

हिराबाई जिंकल्या. पण या खटल्याची चर्चा होते तेव्हा त्या तीन मुलींच्या चोवीसाव्या हिश्शाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कायद्याप्रमाणे तो बरोबरच होता.

रेघ सरकली

केरळने १९७६ पासून एकत्र कुटुंबातला जन्मतः हक्कच रद्द केला. आंध्र, तमिळनाडूने मुलींना मुलग्यांसारखा जन्मतः हक्क दिला. महाराष्ट्राने तो दिला २२ जून १९९४ ला. पण मेख अशी की, त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. काकांच्या डोक्यात बसलेलं १९९४ ते हेच.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राने कलम ६ च बदललं. मुलगी जन्मतः सहहिस्सेदार, मुलग्यासारखीच. लग्न कधी झालं याचा संबंध नाही. मग कोर्टांत वाद सुरू झाला, की बाप २००५ मध्ये जिवंत असायला हवा की नको? पंधरा वर्षं उलटसुलट निकाल आले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं: हक्क जन्माने येतो, तेव्हा बाप त्या दिवशी जिवंत होता की नाही याला महत्त्व नाही. अपवाद एकच, २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने खरोखर वाटणी किंवा विल्हेवाट झाली असेल तर ती मोडायची नाही.

मगदूमांच्या २४ एकरांचं गणित आता परत करा. मनातल्या वाटणीत बाप, आई आणि पाचही मुलं. सात हिस्से. बापाचा सातवा हिस्सा सहा वारसांत. बेरीज करून बघा, प्रत्येकाला बरोबर ४ एकर. म्हणजे वडिलोपार्जित काय आणि स्वकष्टार्जित काय, मुलीचा आकडा आता तोच आला. विशेषणातले ३ एकर संपले.

विज्ञानेश्वरापासून मोजलं तर नऊशे वर्षं. १९५६ पासून मोजलं तर एकोणपन्नास.

मग आता शब्दाचं काय उरलं?

एक गंमत सांगतो. १९५६ च्या कायद्यात 'वडिलोपार्जित' ची व्याख्या कुठेही नाही. ती आली आहे जुन्या शास्त्रांतून आणि निकालांतून. आणि सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात सांगितलं आहे की, १९५६ नंतर बापाची स्वतःची मिळकत कलम ८ प्रमाणे मुलाकडे आली, तर ती मुलाच्या हातात त्याची स्वतःची असते, नातवाचा तिच्यावर जन्मतः हक्क नाही. आईकडून, मामाकडून, आजोळच्या आजोबांकडून आलेली मिळकतही वडिलोपार्जित नसते. बापाने बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने दिलेली आपोआप तशी होत नाही. उलट बाजूने, एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून घेतलेली जमीन मात्र एकत्र कुटुंबाचीच धरली जाऊ शकते.

म्हणजे गावात ज्या ज्या जमिनीला आपण वडिलोपार्जित म्हणतो, त्यातली बरीचशी कायद्याने तशी नाही. शब्द बोलण्यात वाढला आणि कायद्यात आटत चालला. तरी दस्त लिहिताना मात्र तो सरसकट घातला जातो, कारण पूर्वापार तसाच मसुदा आहे. आणि त्यात सोयही आहे. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. बहिणीने हक्क सोडणं सरकारी दरपत्रकातही स्वस्तच आहे.

सातबाऱ्यावरही हीच कथा. वर्षानुवर्षं 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून थोरल्या भावाचं नाव लागायचं आणि बहिणींची नावं, लागलीच तर, 'इतर हक्क' रकान्यात. रकान्याचं नाव बघा. इतर!

आमच्या घरचं

आता आत्याच्या कागदाकडे येतो. दोन गट नंबर होते. एक पणजोबांचा. ते १९४८ साली गेले, त्यामुळे आजोबांच्या हातात आलेली ती जमीन खरोखर वडिलोपार्जित. दुसरा गट आजोबांनी १९६२ साली विकत घेतलेला. आजोबा मुंबईत गिरणीत होते. पगारातून साठवून घेतलेली जमीन, खरेदीखत आजीच्या ट्रंकेत होतं, आजही आहे. आजोबा १९८९ मध्ये गेले. मृत्युपत्र नाही, वाटणी कधी झाली नाही.

हक्कसोडपत्रात दोन्ही गट एकाच विशेषणाखाली घातले होते.

मी काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, १९६२ चा गट आजोबांच्या पगाराचा आहे. तो वडिलोपार्जित नाहीच. त्यात आत्याचा हक्क १९५६ च्याच कायद्याने, आजोबा गेले त्या दिवसापासून. तुमच्याइतका आणि माझ्या बाबांइतका. १९९४ चा तिथे संबंधच नाही. आणि पणजोबांच्या जमिनीत १९९४ ची अट होती, पण २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, २०२० मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत आत्याचा तिसरा हिस्सा होतो."

काका गप्प बसले. मग म्हणाले, "अरे पण तिला आपण कधी काही कमी केलंय का? दर दिवाळीला साडी, तिच्या पोरींच्या लग्नात आहेर. तिने मागितलंय का कधी?"

काका वाईट माणूस नाही. ते जे म्हणाले ते महाराष्ट्रातले लाखो भाऊ मनापासून म्हणतात. साडीचोळी हा भावाचा प्रेमाचा शब्द आहे, तो खोटा नाही. पण साडी भाऊ देतो आणि जमीन बापाची असते, हा फरक त्यात बुडून जातो. आणि बहीण मागत नाही, कारण मागितलं की माहेर तुटतं, हे तिला कुणी न सांगता कळलेलं असतं.

मलाही हे बोलायला सोपं गेलं असं नाही. 'लिहून घेणार' मध्ये माझं नाव होतं. गप्प बसलो असतो तर कुणीच मला काही म्हटलं नसतं.

आत्याला सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, सही करायची की नाही हे तू ठरव, पण तू काय सोडतेस ते कळून सोड. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी वारस म्हणून माझं नाव लागू दे सातबाऱ्याला. वरच्या रकान्यात. अप्पांच्या जमिनीवर माझं नाव एकदा मला बघायचंय. मग सोडायचं की ठेवायचं, मी बघते."

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिलाय. काका सहीला आले होते. कुरकुरत, पण आले.

तुमच्याही घरात असा कागद फिरत असेल किंवा उद्या येईल. सही करणारी बाई तुमची आई असेल, बहीण असेल, आत्या असेल. तेव्हा एवढंच करा. 'वडिलोपार्जित' हा शब्द दिसला की थांबा आणि तीन प्रश्न विचारा: ही जमीन मुळात कुणी घेतली? त्यांच्याकडून पुढे कधी आणि कशी आली? कधी नोंदणीकृत वाटणी झाली का? उत्तरं घेऊन ओळखीच्या वकिलाकडे जा, कारण प्रत्येक घराचे कागद वेगळे असतात आणि मी वकील नाही.

आणि ज्यांचं नाव 'लिहून घेणार' मध्ये आहे त्यांनी तर हे प्रश्न आधी विचारावेत.